चाहूल लागेपर्यंतचा एकांत

गेल्या पावसाळ्यात माझ्या हेडफोनची डावी बाजू बंद पडली. वायर पिनेपाशी दुमडून दुमडून आतून तुटली होती. बोटाने एका विशिष्ट कोनात दाबून धरली की क्षणभर आवाज येई आणि सोडली की पुन्हा जाई. नवा हेडफोन पुढच्या पगारावर ढकलून मी तोच वापरत राहिले. त्याच दिवसांत मी रोज रात्री जेवणे आटोपल्यावर 'सबनॉटिका' खेळत होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या अननोन वर्ल्ड्‌स या संस्थेने तो २०१८ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. '४५४६बी' नावाच्या, जवळजवळ सगळा पाण्याने व्यापलेल्या ग्रहावर 'अरोरा' हे अवाढव्य अंतराळयान कोसळते आणि आपण एका छोट्या लाइफपॉडमधून, म्हणजे जीव वाचवण्याच्या कुपीतून, जिवंत उरतो. पहिली बुडी मारतो तेव्हा फुप्फुसांत अवघ्या ४५ सेकंदांची हवा असते. खेळात नकाशा नाही. बंदूकही नाही, आणि ती विसरून राहिलेली नाही: डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हुक शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर या खेळाचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी आपल्या खेळात बंदुका नकोत असे ठरवले आणि तसे जाहीरपणे सांगितलेही. त्यामुळे समोर काही भयंकर आले तर पळणे, लपणे किंवा मुळात त्या वाटेला न जाणे एवढेच आपल्या हाती राहते, आणि त्या वाटेला जायचे की नाही हे ठरवण्यासाठी आपल्याकडे कानांखेरीज फारसे काही नसते.

त्या रात्री मी 'अरोरा'च्या मागच्या बाजूला, इंजिनांजवळच्या गढूळ पाण्यात 'सीमॉथ' या एकट्याने बसायच्या छोट्या पाणबुडीतून निघाले होते. तिथे रीपर लेव्हायथन असतो हे मला ठाऊक होते. ५५ मीटर लांबीचा, जबड्याभोवती चार आकडे असलेला हा प्राणी ठरावीक अंतराने डरकाळी फोडतो. ती मला ऐकू येत होती. पण उजव्या कानात येणारा तो आवाज इतका क्षीण होता की तो फार लांब आहे असे मी समजले. प्रत्यक्षात तो माझ्या डावीकडे होता आणि त्याच्या आवाजाचा मोठा हिस्सा मेलेल्या स्पीकरमध्ये जात होता. पाणबुडी एकदम आडवी फिरली, काचेसमोर फक्त त्याचे तोंड उरले आणि मी हेडफोन कानांवरून ओढून काढला. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर पागोळ्या गळत होत्या. माझे हात गार पडले होते आणि पुढची दहा मिनिटे मी पडद्याकडे पाहिले नाही.

या प्राण्याबद्दल खेळातल्या नोंदवहीत एक वाक्य आहे. त्याची डरकाळी म्हणजे एक प्रकारचे सोनारच, प्रतिध्वनीवरून आसपासचे हेरण्याचे साधन आहे, त्यामुळे ती तुम्हाला ऐकू येत असेल तर त्याला तुम्ही दिसत असता, अशा अर्थाचे ते आहे. मी ते कितीतरी आधी वाचले होते आणि माहिती म्हणून बाजूला ठेवले होते. त्या रात्रीनंतर मात्र या प्रकारच्या खेळांकडे, म्हणजे परक्या ग्रहावर किंवा ओसाड यानात एकट्याने हिंडत शोध घ्यायला लावणाऱ्या विज्ञानकथा-खेळांकडे, मी वेगळ्या नजरेने बघू लागले. त्यांतले भय आपण ज्या दृश्यांमुळे आहे असे समजतो त्यांच्यामुळे ते फारच थोडे असते. ते कानांत घर करते, आणि एकटेपणही तिथेच तयार होते.

मराठीत याला नेमका शब्द आहे: चाहूल. चाहूल म्हणजे नुसता आवाज नव्हे आणि दिसणे तर नव्हेच. कोणीतरी आहे, एवढेच कळणे आणि कोण ते न कळणे, ही ती अवस्था. लहानपणी कोकणात आजोळी रात्री ओटीवर बसलेले असताना रातकिड्यांचा आवाज कधी एकाएकी थांबे. आजी तांदूळ निवडायची थांबून म्हणे, "जरा गप बस गो." मग ती अंधाराकडे तोंड करून कानोसा घेई. पाणंदीतून कोणी जाणारा असे, किंवा कुत्रे असे, किंवा काहीच नसे, आणि थोड्या वेळाने रातकिडे पुन्हा सुरू झाले की तीही पुन्हा सूप ओढून घेई. आवाज बंद होणे हीसुद्धा बातमी असते, हे मी तिच्याकडून शिकले. खेळ रचणाऱ्यांपैकी काही मोजक्या लोकांना ते फार आधीपासून माहीत होते.

१९८६ साली जपानमध्ये निन्टेन्डोचा 'मेट्रॉइड' हा खेळ आला, तेव्हा त्याचे संगीत हिरोकाझू तानाका यांनी केले होते. त्या काळी खेळांच्या संगीतात आनंदी, गुणगुणता येणाऱ्या चालींची चढाओढ होती. तानाका यांना ती पटत नव्हती. त्यांना खेळाचा आवाज एखाद्या सजीवासारखा हवा होता, संगीत कुठे संपते आणि खेळातला आवाज कुठे सुरू होतो हे ऐकणाऱ्याला वेगळे काढता येऊ नये असा हवा होता, आणि खरी सुरेल चाल शेवटी, मदर ब्रेन या शेवटच्या शत्रूला हरवल्यानंतरच ऐकू यावी अशी त्यांची योजना होती. हे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितले आहे. खेळ ऐकताना माझा अनुभव असा की सुरुवातीच्या ब्रिनस्टार भागाची चाल अजून गुणगुणता येते, पण जसजसे खाली जावे तसतशी ती साथ सुटत जाते; सुरांऐवजी थेंब पडल्यासारखे, कुठेतरी काही हलल्यासारखे आवाज उरतात. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रात ध्वनीच्या पाचच वाहिन्या होत्या आणि त्याच्या डिस्क जोडणीने त्यांत आणखी एकीची भर घातली होती. एवढ्याशा सामग्रीत त्यांनी एक आख्खा ग्रह पोकळ करून दाखवला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून जी नकली यंत्रे घरोघरी होती, ती याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. आमच्या घरीही एक होते. त्याच यंत्राच्या अस्सल भावंडातून असा अंधार निघत होता हे मला पुढे पंधरा-वीस वर्षांनी कळले.

'सुपर मेट्रॉइड', १९९४ सालचा, हा मला या सगळ्या परंपरेतला सर्वांत धीट खेळ वाटतो, आणि ते त्याच्या सुरुवातीच्या काही मिनिटांमुळे. सॅमस अरान ही योद्धी झेबेस ग्रहावर उतरते. वर वीज कडाडते आहे, पाऊस पडतो आहे. खेळाडूच्या हातात हत्यार आहे, बोट कळीवर आहे, आणि समोर कोणीच नाही. आपण एकेक दालन ओलांडत खाली जातो. पहिल्या खेळात जिथे मदर ब्रेनशी झुंज झाली होती ते दालन मोडक्या काचांसह तसेच पडलेले आहे, आणि आपण त्यातून मुकाट्याने पुढे जातो. त्याखाली मॉर्फ बॉल, म्हणजे अंगाचा गोळा करून अरुंद वाटेने जाण्याची शक्ती, मग क्षेपणास्त्रे. ती घेऊन परत वर निघालो की भिंतीतल्या डोळ्यासारख्या दिव्याचा झोत सॅमसवर पडतो, आणि येताना रिकामी असलेली तीच दालने जाताना शत्रूंनी भरलेली असतात. रातकिडे थांबले होते ते यासाठी. येताना आपण एकटे होतो की आपल्याला तसे वाटू दिले गेले होते, हा प्रश्न खेळ एका शब्दाशिवाय मनात टाकतो. असे करायला रचनाकाराला मोठा धीर लागतो, कारण विकत घेतलेल्या खेळाच्या पहिल्या काही मिनिटांत काहीच घडत नाही ही तक्रार सगळ्यांत आधी येते.

याच मालिकेतल्या २०२१ च्या 'मेट्रॉइड ड्रेड'मध्ये ई.एम.एम.आय. नावाचे पाठलाग करणारे यंत्रमानव आहेत. त्यांच्या चालण्याचे टकटक आवाज उत्तम आहेत. पण त्यांचा वावर खास दारांनी बंदिस्त केलेला आहे आणि ती दारे नकाशावर दिसतात. दार ओलांडले की सुटलो हे माहीत असल्यामुळे भीतीही दारापाशीच थांबते. खेळ चोख आहे, पण मला तो एकटे पाडू शकला नाही.

एकटे पाडण्यासाठी नुसती शांतता पुरत नाही. आधी कोणाचा तरी आवाज द्यावा लागतो आणि मग तो काढून घ्यावा लागतो. 'सबनॉटिका'ने हे फार निर्दयपणे आणि फार सुंदर रीतीने केले आहे. लाइफपॉडमध्ये एक रेडिओ आहे. तो दुरुस्त केला की अधूनमधून निरोप येतात: दुसऱ्या लाइफपॉडमधली माणसे आपला ठावठिकाणा सांगत असतात, मदत मागत असतात. निरोप ऐकून आपण धावत, म्हणजे खरे तर पोहत, तिथे जातो. पॉड फुटलेला असतो, आत पाणी असते, कुठे एखादी ध्वनिमुद्रित नोंद सापडते. निरोप निघाला आणि आपण पोचलो यांच्यामध्ये किती वेळ गेला याचा हिशेब कोणी देत नाही. दोन-तीनदा असे झाल्यावर रेडिओचा दिवा लुकलुकला की आनंद होण्याऐवजी पोटात खड्डा पडू लागतो, आणि तरीही आपण कळ दाबतोच, कारण तो माणसाचा आवाज असतो.

मग 'सनबीम' येते. जवळून जाणारे एक व्यापारी यान आपली हाक ऐकते. त्याच्या कप्तानाचा आवाज धीर देणारा, माणुसकीचा आहे. आम्ही वळतो आहोत, तुम्हाला घेऊन जातो, असे तो सांगतो. उतरण्याची जागा ठरते आणि घड्याळ सुरू होते. मी हाताशी असलेले सगळे गोळा करून वेळेआधी त्या बेटावर जाऊन उभी राहिले होते. आकाशात यान दिसले, कप्तान बोलत होता, आणि बेटावरच्या त्या परक्या, प्रचंड यंत्राने नळी वर वळवून ते यान आकाशातच फोडले. वाक्य अर्धवट राहिले. त्यानंतर लाटांचा आवाज येत राहिला. मी बराच वेळ तिथेच उभी होते, खेळात आणि खुर्चीत दोन्हीकडे. त्या संध्याकाळी समुद्र जितका रिकामा वाटला तितका तो आधी कधीच वाटला नव्हता, आणि तरी समुद्रात तर काहीच बदलले नव्हते.

खोल जायला लागलो की आवाजाची दिशा उलटी होते: आतापर्यंत आपण दुसऱ्याची चाहूल घेत होतो, आता आपली चाहूल दुसऱ्याला लागू लागते. 'सायक्लॉप्स' ही ५४ मीटर लांबीची मोठी पाणबुडी चालवताना तिच्या इंजिनाचा आवाज किती होतो आहे हे एका पट्टीवर दिसते, कारण त्या आवाजाने शिकारी प्राणी ओढले जातात. वेग कमी करायचा, दिवे बंद करायचे, निःशब्द धावण्याची कळ दाबायची आणि लाल अंधारात बसून वरून काहीतरी मोठे निघून जाईपर्यंत थांबायचे. पाणबुडीच्या पत्र्याचा करकर आवाज होतो. ५०० मीटरच्या मर्यादेजवळ गेले की तो करकर आवाज आपल्याला किती आपला वाटू लागतो ते प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय समजायचे नाही. मी अशा वेळी कीबोर्डवरची बोटेसुद्धा हलकी ठेवते असे माझ्या लक्षात आले आहे, जणू तोही आवाज कोणाला ऐकू जाईल.

'एलियन: आयसोलेशन' या २०१४ च्या खेळात तो खरोखरच ऐकू जातो. ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेम्ब्लीने केलेला हा खेळ १९७९ च्या 'एलियन' चित्रपटातल्या घटनांनंतर पंधरा वर्षांनी घडतो. बेपत्ता आईचा माग काढत अमांडा रिप्ली 'सेवास्तोपोल' या मोडकळीला आलेल्या अंतराळस्थानकावर येते आणि तिथे चित्रपटातल्यासारखाच परग्रहावरचा शिकारी प्राणी आहे, ज्याला मारता येत नाही. त्याला चालवणारी आज्ञावली दोन थरांची आहे. वरच्या थराला खेळाडू कुठे आहे हे कायम माहीत असते, पण तो प्राण्याला फक्त साधारण परिसर सुचवतो. नेमका शोध प्राण्याला स्वतःच्या डोळ्याकानांनी घ्यावा लागतो. त्यामुळे तो कधी आयती धाड घालत नाही. तो शोधतो, चुकतो, परत येतो, आणि त्याचे ते शोधणे छतावरच्या नळ्यांमधून सरपटताना ऐकू येत राहते. आपल्या हातात हालचाल टिपणारे यंत्र असते, त्याचे टिकटिक वाढले की तो जवळ आहे. पण अगदी जवळ असेल तर ती टिकटिकच त्याला ऐकू जाऊ शकते. खेळ जतन करायचा तर भिंतीवरच्या यंत्रात कार्ड सरकवून तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत उभे राहावे लागते, आणि त्या तीन ठोक्यांइतकी लांब तीन सेकंदे मी दुसरीकडे कुठे मोजलेली नाहीत.

यात आणखी एक सोय होती. प्लेस्टेशन ४ चा कॅमेरा किंवा एक्सबॉक्स वनचे किनेक्ट हे कॅमेऱ्याचे उपकरण खेळयंत्राला जोडलेले असेल तर त्यांच्या मायक्रोफोनमधून खेळाडूच्या खोलीतला आवाज खेळात घेता येई. माझ्या मामेभावाकडे ते होते. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या घरी रात्री आम्ही ती सोय चालू करून बसलो. मी कपाटात लपले होते, फटीतून त्या प्राण्याचे पाय दिसत होते, आणि स्वयंपाकघरात मामीच्या हातून ओट्यावर पातेले आपटले. पाय थांबले. मग वळले. मी ओढणी तोंडावर दाबून धरली होती, भाऊ माझ्या शेजारी श्वास रोखून बसला होता, आणि आत मामी शांतपणे नळ सोडून भांडी विसळत होती. घर भरलेले होते, दिवाळीचे दिवे लागलेले होते, आणि तरी त्या क्षणी सेवास्तोपोलवर माझ्याखेरीज कोणी नव्हते.

'डेड स्पेस' या खेळातली निर्वात पोकळी, जिथे बाहेरचे सगळे आवाज दबून फक्त स्वतःचा श्वास उरतो, तीही मला आवडते; मात्र त्या खेळात नंतर दचकवण्यावर इतका भर आहे की कान थकतात. एकाएकी मोठा आवाज करून दचकवणे कोणालाही जमते. चाहूल लावून थांबणे अवघड आहे.

शेवटी ज्या खेळाने मला या सगळ्याची दुसरी बाजू दाखवली त्याबद्दल लिहिले पाहिजे. 'आउटर वाइल्ड्‌स' २०१९ साली आला. अ‍ॅलेक्स बीचम यांच्या विद्यापीठातल्या प्रबंध-प्रकल्पातून तो वाढत गेला. एक छोटी सूर्यमाला, एक लाकडी पट्ट्यांचे डुगडुगते यान, आणि दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू. यातल्या 'डार्क ब्रॅम्बल' नावाच्या धुक्याने भरलेल्या काटेरी ठिकाणी अँगलरफिश नावाचे प्रचंड शिकारी मासे आहेत. सुरुवातीला मी दर वेळी त्यांच्या तोंडी गेले. उत्तर दुसऱ्याच ग्रहावर, एका गुहेतल्या जीवाश्माजवळ सापडते: नोमाई नावाच्या लुप्त जमातीची मुले तिथे खेळत असत. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, तो मासा. बाकीच्यांनी आवाज न करता त्याच्याजवळून निसटायचे. हे वाचताच मी खुर्चीत ताठ झाले, कारण ही तर आपली आंधळी कोशिंबीर. अँगलरफिश आंधळे आहेत! यानाचे इंजिन बंद करायचे आणि आधी घेतलेल्या वेगावरच त्यांच्या जबड्यांमधून तरंगत जायचे. लाखो वर्षांपूर्वीच्या मुलांनी खेळता खेळता सांगितलेली ती युक्ती आजही चालते, आणि आपण श्वास धरून त्यांच्या पंगतीला बसतो.

याच खेळात आवाज टिपणारी एक दुर्बीण आहे. आपल्या आधी अंतराळात गेलेले प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर एकेकटे बसून एकच धून वाजवत असतात: कोणी बँजोवर, कोणी बासरीवर, कोणी ढोलावर, कोणी नुसती शीळ घालून. अँड्र्यू प्राहलो यांनी रचलेली ती धून पुरेशा लांबून ऐकली तर सगळी वाद्ये एकत्र जुळून येतात. जवळ गेले की पुन्हा एकच वाद्य उरते.

फेल्डस्पार हा प्रवासी बेपत्ता आहे असे सगळे धरून चाललेले असतात. त्याची माउथ ऑर्गन डार्क ब्रॅम्बलमधून ऐकू येते. नवा हेडफोन आल्यावर, दोन्ही कान शाबूत असताना, मी तो आवाज धरून धुक्यात शिरले. इंजिन बंद करत, चालू करत, डावीकडचा आवाज डावीकडे आणि उजवीकडचा उजवीकडे ऐकत. तो एका मेलेल्या अँगलरफिशच्या सांगाड्यात शेकोटी पेटवून बसला होता. त्याच्याशी बोलायला गेले की वादन थांबते. म्हणून एकदा बोलून झाल्यावर मी पुन्हा काही विचारले नाही. बरगड्यांच्या आत, शेकोटीजवळ, तो पुन्हा वाजवू लागेपर्यंत थांबले, आणि मग ऐकत बसले.